दप्तरात राहिलेली साक्ष

वाचकहो, ‘दप्तर’ हा शब्द खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बांधावरून तंटा झाला की पहिला प्रश्न निघतो तो कागदाचा. सातबारा काय म्हणतो? फेरफार कधी झाला? मोजणीचा नकाशा कुठे आहे? आजोबांच्या तोंडची हकीकत कितीही खरी असली, तरी आजोबा गेले की ती ऐकीव ठरते. कागद मात्र मागे राहतो. राहतो म्हणजे कोणी राखला तर राहतो. कसर, ओल, उंदीर आणि माणसाची लबाडी या चौघांपासून तो वाचवावा लागतो.

ही झाली जमिनीच्या कागदाची गोष्ट. पण समजा, कागद खुनाचा आहे. खून होऊन चाळीस-पन्नास वर्षे लोटली. खुनी कोण हे साऱ्या गावाला ठाऊक होते, तरी त्याला शिक्षा झाली नाही. कारण पोलीस त्याच्या बाजूचे, न्याय देणारे त्याच्या बाजूचे आणि दप्तर सांभाळणारेही त्याच्याच बाजूचे. अशा खुनाचे कागद जपून ठेवावेत का? ठेवावेत तर कोणासाठी? आणि ते सर्वांना पाहावयास खुले करावेत का? अमेरिकेपुढे हा प्रश्न फार वर्षे उभा होता. त्याला उत्तर म्हणून तेथे २०१९ च्या जानेवारीत एका कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्या सहीपर्यंतची वाट कशी होती, ते आज पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. अमेरिकेत १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. पुढे १८७० साली काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्कही कागदावर मिळाला. पण दक्षिणेकडील राज्यांतील गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी हळूहळू असे कायदे केले की, मुक्त झालेला माणूस पुन्हा खालीच राहावा. शाळा वेगळ्या, गाडीतल्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळ वेगळे. पाणवठ्यावरचा भेद काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मतदारयादीत नाव घालायला काळा माणूस गेला की त्याची अवघड परीक्षा घेत, कर मागत, आणि एवढ्यानेही तो मागे फिरला नाही तर धमकी देत. मिसिसिपी राज्यातील काही जिल्ह्यांत बहुसंख्य लोक काळे, पण मतदारयादीत काळे नाव नाही, अशी स्थिती होती.

आता या मतदारयादीचा खुनाशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तेथे खुनाचा खटला ज्यूरीपुढे चालतो. ज्यूरी म्हणजे पुरावा ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे सांगणारे बारा सामान्य नागरिक. आपल्याकडेही मुंबईत ही पद्धत होती. १९५९ च्या नानावटी खटल्यामुळे ती जुन्या मंडळींच्या ध्यानात आहे. मिसिसिपीत ज्यूरीची माणसे मतदारयादीतून निवडीत. यादीत काळे नाही, म्हणून ज्यूरीत काळे नाही. जिल्ह्याचा पोलीस अंमलदार, ज्याला तिकडे शेरीफ म्हणतात, तोही त्याच यादीतल्या मतांवर निवडून येई. म्हणजे काळ्या माणसाचा खून झाला की तपासणारा, खटला भरणारा आणि निकाल देणारा, तिघेही एकाच आळीतले! अशा ठिकाणी न्यायालयाची इमारत असते, पण न्याय असेलच असे नाही.

सन १९५५ चा ऑगस्ट महिना. एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा मुलगा उत्तरेकडील शिकागो शहरातून सुटीसाठी मिसिसिपीतल्या मनी या खेड्यात आपल्या नातेवाइकांकडे आला होता. गावातल्या दुकानात दुकानदाराच्या गोऱ्या बायकोशी तो सलगीने वागला, असा आरोप झाला. २८ ऑगस्टच्या रात्री दुकानदार रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ मायलम यांनी त्याला घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी त्याचे प्रेत टॅलाहाची नदीत सापडले. चेहरा ओळखू येत नव्हता.

मुलाची आई मेमी टिल. तिने शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, हा तिचा हेतू. शिकागोत हजारो लोकांनी ते पाहिले, काळ्या वाचकांच्या ‘जेट’ साप्ताहिकाने छायाचित्र छापले, आणि देश हादरला. पण सप्टेंबरात खटला चालला तो मिसिसिपीत. मुलाच्या नात्यातले मोझेस राइट हे शेतकरी गृहस्थ भर न्यायालयात उभे राहिले आणि त्यांनी आरोपींकडे बोट दाखविले. त्या काळी तिथे काळ्या माणसाने गोऱ्यावर असे बोट रोखणे म्हणजे जीव तळहातावर घेण्यासारखेच होते. विली रीड नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने एका कोठारातून मारहाणीचे आवाज ऐकल्याची साक्ष दिली. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीला निर्णय घ्यायला तासाभराहून थोडाच अधिक वेळ लागला. निकाल: निर्दोष.

पुढे काय झाले पाहा. चार महिन्यांनी, १९५६ च्या जानेवारीत, याच दोघांनी ‘लुक’ नावाच्या पाक्षिकाकडून पैसे घेऊन आपणच खून केल्याचे सांगितले. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे ज्यांना खुनी ठरवायला ज्यूरी तयार नव्हती, त्यांनी स्वतःच ते छापून आणले.

मग प्रश्न मिटला, असे वाटेल. कबुलीच मिळाली, आता आणखी कागद कशाला? इथेच दप्तराचे मोल कळते. ती विकलेली कबुली खरी नव्हती. निदान पुरी तरी नव्हती. तिच्यात त्या कोठाराचा उल्लेख नव्हता, दोघांव्यतिरिक्त आणखी कोण होते तेही नव्हते. कोठार वगळले की तिथे असलेले साथीदारही सुटले. अनेक वर्षे बहुतेक पुस्तकांतून हीच हकीकत फिरत राहिली. न्यायालयात विली रीडने शपथेवर जे सांगितले होते ते लेखी उतरलेले होते. पण खटल्याची ती लेखी नक्कल सरकारी दप्तरातून नाहीशी झाली होती. ज्याने जीव धोक्यात घालून खरे सांगितले त्याची साक्ष हरवली, आणि ज्याने पैसे घेऊन अर्धवट सांगितले त्याचे म्हणणे छापील राहिले.

सन २००४ मध्ये मध्यवर्ती सरकारच्या तपास खात्याने, म्हणजे एफ. बी. आय. ने, हे प्रकरण पुन्हा हाती घेतले. शोध घेता घेता खटल्याच्या नकलेची एक पुसट झालेली प्रत सापडली. अक्षर लावणे कठीण होते. ती सारी प्रत नव्याने टंकलिखित करून घेण्यात आली. १९५५ साली प्रेताची शवचिकित्साच झाली नव्हती आणि बचावपक्षाने तर ते प्रेत या मुलाचे नाहीच असा कांगावा केला होता. २००५ मध्ये थडगे उघडून वैद्यकीय तपासणी झाली आणि प्रेत एमेटचेच हे पक्के ठरले. दोन्ही मुख्य आरोपी तोवर मरण पावले होते. पुढे कोणावर खटला उभा राहिला नाही. पण कोठार पुन्हा इतिहासात आले.

आता बर्मिंगहॅम शहराकडे चला. हे शहर अलाबामा राज्यात आहे. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बाँब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. एफ. बी. आय. ने तपास केला, संशयितांची नावे निघाली, १९६५ पर्यंत बर्मिंगहॅममधल्या अधिकाऱ्यांनी चौघांविरुद्ध खटला भरावा अशी शिफारसही केली. खात्याचे प्रमुख एडगर हूव्हर यांनी ती मान्य केली नाही. १९६८ मध्ये खटला न भरताच तपास बंद झाला आणि कागद कपाटात गेले.

पुढे अलाबामाचे तरुण महाधिवक्ते बिल बॅक्सली यांनी हे प्रकरण उकरून काढले. त्यांनी एफ. बी. आय. कडे कागद मागितले. ते लवकर मिळेनात. बऱ्याच खटपटीनंतर काही मिळाले आणि १९७७ मध्ये रॉबर्ट चॅम्ब्लिस या एका आरोपीला शिक्षा झाली. पण एक गोष्ट बॅक्सली यांना सांगितलीच गेली नव्हती. १९६४ मध्ये तपास खात्याने थॉमस ब्लँटन या संशयिताच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत ध्वनिग्राहक यंत्र बसविले होते, आणि त्याचे बायकोशी झालेले बोलणे फितींवर उतरले होते! त्या बोलण्यात बाँबच्या तयारीसाठी झालेल्या बैठकीचा उल्लेख होता. फिती कपाटात पडून राहिल्या. त्या तीसहून अधिक वर्षांनी बाहेर आल्या. २००१ मध्ये ब्लँटनला आणि २००२ मध्ये बॉबी फ्रँक चेरीला जन्मठेप झाली. चौथा संशयित १९९४ मध्येच मरून गेला होता. त्याच्यावर खटला कधी झालाच नाही. या दोन शिक्षा मिळविणाऱ्या सरकारी वकिलाचे नाव डग जोन्स. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

या एका प्रकरणात दप्तराचे दोन्ही गुण दिसतात. तपास खात्याने पुरावा जमविला आणि फेकून दिला नाही, म्हणून तीन दशकांनी का होईना, शिक्षा झाली. पण तोच पुरावा खात्याने दडपला, म्हणून एक माणूस शिक्षेवाचून मेला आणि दोघे तितकी वर्षे मोकळे फिरले. कागद ठेवणे एक आणि कागद दाखविणे दुसरे. कुलूप लावून ठेवलेला पुरावा कुलूप लावणाऱ्याच्या उपयोगी पडतो.

तिसरी हकीकत मिसिसिपीची राजधानी जॅक्सन येथील. मेडगर एव्हर्स हे काळ्यांच्या हक्कांसाठी झटणारे कार्यकर्ते. १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर ते घरी परतले, आणि अंगणातच पाठीमागून गोळी घालून त्यांना मारले. बंदूक सापडली, तिच्यावर बायरन डी ला बेकविथ याच्या बोटाचा ठसा सापडला. १९६४ मध्ये दोन वेळा खटला चालला. दोन्ही वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि आरोपी घरी गेला.

मिसिसिपी सरकारने १९५६ मध्ये राज्याच्या सार्वभौमत्वाच्या नावाने एक आयोग स्थापन केला होता. नाव भारदस्त, काम हेरगिरीचे. कोण सभेला गेला, कोणी मतदारयादीत नाव घालायचा प्रयत्न केला, कोणत्या शिक्षकाची कोणाशी ऊठबस आहे, याची टिपणे हा आयोग सरकारी पैशाने गोळा करी. १९७७ मध्ये आयोग बंद झाला, तेव्हा विधिमंडळाने त्याची सारी दप्तरे २०२७ सालापर्यंत मोहोरबंद करण्याचे ठरविले. पन्नास वर्षे! हिशोब सरळ होता: तोवर करणारेही उरणार नाहीत आणि सोसणारेही.

पण १९८९ मध्ये जेरी मिचेल या वार्ताहराच्या हाती त्यातले काही कागद लागले. त्यांतून उघड झाले की, १९६४ मध्ये राज्याचे एक खाते बेकविथवर खटला चालवीत असताना राज्याचाच हा आयोग गुपचूप बेकविथच्या वकिलांना ज्यूरीतल्या उमेदवारांची माहिती पुरवीत होता. सरकारचा एक हात फिर्यादी, दुसरा हात आरोपीच्या पाठीवर! या बातमीने प्रकरण पुन्हा उभे राहिले. आणि मग अडचण आली. जुन्या खटल्याची लेखी नक्कल न्यायालयात मिळेना. ती कोणाकडे निघाली ठाऊक आहे? मेडगर यांच्या विधवा पत्नी मर्ली एव्हर्स यांच्याकडे. नवऱ्याच्या खुनाच्या खटल्याची प्रत त्यांनी इतकी वर्षे जपून ठेवली होती. खुनात वापरलेली बंदूक मिळाली ती एका दिवंगत न्यायाधीशाच्या घरात! ५ फेब्रुवारी १९९४ रोजी, खुनानंतर तीस वर्षांनी, बेकविथ दोषी ठरला. २००१ मध्ये तो शिक्षा भोगत असतानाच मेला.

जे दप्तर सरकारने सांभाळावयाचे ते सरकारकडे नव्हते. एका बाईच्या घरी होते. तिने ते टाकून दिले असते तर? हा प्रश्न आला की अंगावर काटा येतो. प्रत्येक विधवेकडे अशी नक्कल असेल, तिला वाचता येत असेल, तिचे घर जळाले नसेल, असे थोडेच आहे? न्याय हा असा योगायोगावर टाकता येत नाही. म्हणूनच कायदा हवा होता.

त्या आयोगाची दप्तरे पुढे न्यायालयाच्या आदेशाने १९९८ च्या मार्च महिन्यात, मुदतीच्या कितीतरी आधी, खुली झाली. एक लाख तीस हजारांहून अधिक पाने. पण त्यासाठी १९७७ पासून एकवीस वर्षे दावा चालला. ही दिरंगाई काही केवळ सरकारी अधिकाऱ्यांची नव्हती. दावा लावणाऱ्यांतच मतभेद झाले. काही जण म्हणाले, सगळे उघडा. काही जण म्हणाले, थांबा. या टिपणांत निरपराध माणसांबद्दल खोट्यानाट्या कंड्या आहेत, खासगी गोष्टी आहेत. हेरांनी एकदा बदनामी केली, ती आता आपण छापून पुन्हा करायची का? हा आक्षेप खराच होता. तेव्हा ज्यांच्यावर पाळत ठेवली होती त्यांना आपल्या नोंदी आधी पाहण्याची आणि नाव झाकून घेण्याची मुभा न्यायालयाने दिली. ज्यांनी पाळत ठेवली त्यांना अशी सवलत नव्हती. हा भेद फार शहाणपणाचा आहे असे मला वाटते. सरकारी कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो लिहिणाऱ्याचा हेतू काय होता हे पारखूनच तो वाचावा लागतो. पण पारखायला तरी तो हाती हवा.

अशी काही प्रकरणे धसास लागली, तेव्हा लोकांच्या मनात आले की, उरलेल्यांचे काय? २००८ मध्ये एमेट टिलच्याच नावाने एक कायदा झाला आणि १९६९ अखेरपर्यंतच्या अशा जुन्या खुनांचा पुन्हा तपास करण्यास न्यायखात्याला सांगण्यात आले. २०१६ मध्ये ही कालमर्यादा १९७९ पर्यंत वाढली. शंभराहून अधिक प्रकरणे तपासली गेली. पण शिक्षा झाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. संशयित मेलेले, साक्षीदार मेलेले, पुरावा नष्ट झालेला. बहुतेक प्रकरणे पुन्हा मिटविली गेली. घरच्या मंडळींना सरकारचे पत्र गेले की, आता खटला होऊ शकत नाही.

आता इथे थोडे थांबून विचार करा. खटला होऊ शकत नाही, हे मान्य. मग सरकारने माहिती झाकून ठेवण्याचे कारण काय उरले? तपास चालू असेल तर गुप्तता समजू शकते. तपासच बंद झाला, आरोपी मातीत गेला, तर त्या कागदांवर हक्क कोणाचा? माझ्या मते तो मेलेल्याच्या घरच्यांचा आणि त्या देशातल्या नागरिकांचा. शिक्षा देण्याची वेळ टळली तरी खरे काय घडले ते सांगण्याची वेळ टळत नाही. न्यायाचा तेवढाच वाटा उरलेला असतो, आणि तो कागदावाचून देता येत नाही.

हे पहिल्यांदा नेटाने कोणी मांडले, तर एका शाळेतल्या मुलांनी! शिक्षक मंडळींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. न्यू जर्सी राज्यात हाइट्सटाउन नावाचे गाव आहे. तेथील हायस्कूलचे विद्यार्थी २०१५ च्या सुमारास आपल्या शिक्षकांबरोबर नागरी हक्कांच्या काळातील न उलगडलेल्या खुनांचा अभ्यास करीत होते. माहिती मागण्याचा कायदा तिकडे १९६६ पासूनचा आहे. त्या कायद्याखाली मुलांनी जुन्या तपासाचे कागद मागितले. उत्तर यायला फार काळ लागे. आणि कागद आले तरी त्यांवर ठिकठिकाणी काळी पट्टी. नाव झाकलेले, गाव झाकलेले, कधी अख्खे पान काळे. पन्नास वर्षांपूर्वीच्या खुनाचा कागद, त्यातली माणसे बहुधा हयात नाहीत, तरी काळी पट्टी कायम.

मुले हिरमुसली असतील, पण थांबली नाहीत. केनेडी यांच्या खुनाचे कागद एकत्र करून खुले करण्यासाठी १९९२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला होता. मुलांनी तोच नमुना पुढे ठेवला आणि आपल्या विषयासाठी विधेयकाचा मसुदा तयार केला. मग वॉशिंग्टनच्या वाऱ्या सुरू झाल्या. एक तुकडी शाळा सोडून जाई, दुसरी येई. काम खाली पडले नाही. कनिष्ठ सभागृहात बॉबी रश यांनी विधेयक उचलून धरले. वरिष्ठ सभागृहात ते मांडले डग जोन्स यांनी. होय, तेच बर्मिंगहॅमचे सरकारी वकील. ते आता सिनेटर झाले होते. जुनी ध्वनिफीत वेळेवर हाती आली नाही तर काय होते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? विधेयकाला दोन्ही पक्षांचा पाठिंबा मिळाला, आणि ८ जानेवारी २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी त्यावर सही केली.

या कायद्यात आहे तरी काय? सोप्या शब्दांत सांगतो. १९४० पासून १९७९ पर्यंतच्या अशा न उलगडलेल्या गुन्ह्यांचे कागद मध्यवर्ती सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत विखुरलेले आहेत. ते शोधून काढून राष्ट्रीय अभिलेखागारात, म्हणजे देशाच्या मोठ्या दप्तरखान्यात, एकत्र आणावयाचे. दुसरे, कागद खुला करणे हा नियम आणि झाकणे हा अपवाद. कारण झाकणाऱ्याने सांगावे. आणि तिसरे, झाकण्याचे कारण खरे की खोटे हे खात्याने स्वतः ठरवायचे नाही. त्यासाठी सरकारी नोकरीत नसलेल्या पाच जणांचे स्वतंत्र मंडळ. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देऊ नये, एवढीच यातली अक्कल. पण ती कायद्यात उतरायला इतकी वर्षे लागली.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. मंडळावरील माणसांची नेमणूकच लवकर होईना. २०२२ च्या फेब्रुवारीत सिनेटने चौघांच्या नावांना संमती दिली, म्हणजे सही होऊन तीन वर्षांनी. त्यांत इतिहासकार, कायद्याच्या प्राध्यापिका, पत्रकार आणि दप्तरखान्याच्या कामातील जाणकार अशी माणसे होती. तोवर मंडळाची मूळ मुदत संपत आली होती. म्हणून २०२२ च्या डिसेंबरात ती २०२७ च्या जानेवारीपर्यंत वाढविण्यात आली. मग एकेक प्रकरण बाहेर येऊ लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये, एमेट टिलच्या खुनाला सत्तर वर्षे होत असताना, त्या प्रकरणाची हजारो पाने लोकांना पाहावयास खुली झाली.

आणि तरीही या कायद्याचा हात एका ठिकाणी आखूड आहे. तो पोचतो मध्यवर्ती सरकारच्या कागदांपर्यंत. पण बहुतेक खुनांचा पहिला कागद लिहिला गेला तो जिल्ह्याच्या कचेरीत, शेरीफच्या चौकीत. तिथल्या तळघरातल्या पेट्या कोण उघडणार? २०२२ च्या जूनमध्ये मिसिसिपीतल्या लफ्लोर जिल्ह्याच्या न्यायालयाच्या तळघरात काही शोधकांना एका पेटीत १९५५ सालचे पकडवॉरंट सापडले. एमेट टिलला पळवून नेल्याबद्दल त्या दुकानदाराच्या पत्नीवर काढलेले. वॉरंट निघाले होते, बजावले मात्र गेले नव्हते. सदुसष्ट वर्षे ते पेटीत होते, आणि बाई हयात होती. ऑगस्टमध्ये ज्यूरीने आरोप ठेवण्यास नकार दिला. २०२३ मध्ये ती बाई वारली. ते वॉरंट १९७५ साली कोणाच्या नजरेस पडले असते तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

काही जण म्हणतात, जुनी मढी कशाला उकरायची? समाजात पुन्हा वितुष्ट येईल. या म्हणण्यात वाईट हेतू असतोच असे नाही. पण विचारा, मढे कोणाचे? ज्याच्या घरचा माणूस गेला त्याने ते कधी पुरलेलेच नसते. मेमी टिल २००३ मध्ये वारल्या. पुढल्याच वर्षी तपास पुन्हा सुरू झाला. मुलाच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या बाईने वाट पाहिली. विसरून जा हे सांगणे सोपे आहे. पण ते सांगण्याचा अधिकार ज्याने सोसले नाही त्याला नाही.

आपल्या देशाचा या गोष्टीशी एक धागा जोडलेला आहे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील काळ्यांचे थोर विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी ऐकले होते, आणि अस्पृश्यांच्या वतीनेही तसा विचार व्हावा म्हणून त्यांना त्या अर्जाच्या प्रती हव्या होत्या. द्युबॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. हा पत्रव्यवहार आज आपल्याला ठाऊक आहे, कारण द्युबॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने राखून ठेवले. कोणी ती रद्दीत घातली असती, तर दोन खंडांतल्या दोन दुःखांनी एकमेकांना ओळखले होते, हे आपल्याला कळलेच नसते.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात इतिहास शिकवाल तेव्हा मुलांना सनावळीबरोबर एक प्रश्न विचारायला शिकवा: हे आपल्याला कशावरून कळले? कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि कोणी जपले? हाइट्सटाउनच्या मुलांनी एवढाच प्रश्न विचारला होता. आणि शेतकरी मंडळींनो, तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीचे जुने ठराव, शाळेचे जुने दाखल्यांचे रजिस्टर कुठे आहे, कोणत्या कपाटात आहे, त्याला वाळवी तर लागली नाही ना, हे एकदा जाऊन पाहा. ते कागद आज कोणाच्या उपयोगाचे वाटणार नाहीत. उपयोगाचे ज्या दिवशी ठरतील, त्या दिवशी ते नव्याने लिहिता येणार नाहीत.